बरणीतलं पिल्लू

एवढ्या उकाड्यात घरात मोजे कशाला, असं विचारलंत ना? सांगते. हसा हवं तर, मीही हसतेच सांगताना. पण शेवटपर्यंत ऐका.

मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्या दुपारी साधं प्रॅक्टिकल होतं. जन्माआधीच गेलेलं डुकराचं पिल्लू आणि माणूस, आतून काय सारखं, काय वेगळं. नवीन चिरफाड आता बंद. आमच्याकडे फॉर्मलिनच्या बरणीत एकच जुना, कधीच उघडून ठेवलेला नमुना आहे. अकरा वर्षं तेच पिल्लू दाखवतेय, त्याची आतडी मला तोंडपाठ आहेत.

माझं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. उजवीकडे अशी कळ यायची की बास! शिकताना मी बेडूक कापले, झुरळं कापली, पण स्वतःच्या अंगाला सुरी लागणार म्हटल्यावर आठवडाभर रडत होते. भित्री आहे मी, सरळ सांगते.

आमच्या लॅबची एक रीत आहे. बरणी उघडली की सावळीराम, पेठ तालुक्याकडचे आमचे जुने लॅब अटेंडंट, ट्रेपाशी झेंडूचं फूल ठेवतात आणि म्हणतात, "माफ कर रे बाळा." मग आम्हीही म्हणतो. "माफी मागायची, दुसरं काय मागायचं नाय," हे ते दरवर्षी बजावतात.

मुलं अजून यायची होती. मी ट्रेवर वाकले आणि नेमकी कळ आली. तोंडातून निघून गेलं, "मजा आहे बुवा तुझी! तुम्हा डुकरांना अपेंडिक्सच नाही. माझं घे ना. बदल्यात तुझं काय हवं ते दे."

सावळीरामांच्या हातातलं फूल खाली पडलं.

"मॅडम... काय बोलून बसला हे?"

"अहो, गंमत केली!"

त्यांनी फूल उचलून ट्रेपाशी ठेवलं. मुलं आली आणि तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले, फॉर्मलिनचा वास घशाशी आला. मोबाईलच्या उजेडात मी सुरुवात केली. यकृत, जठर, सगळं आपल्यासारखंच. पायाला बोटं मात्र चारच. मोठं आतडं चकलीसारखं वेटोळं, आपलं पोटाच्या कडेकडेने जातं. आणि अपेंडिक्स नसतं.

पुढे उभी असलेली वेदिका वाकली. "मॅडम... मग हे काय आहे?"

मी पाहिलं. चकली नव्हतीच. आतडं कडेकडेने गेलं होतं आणि सुरुवातीला करंगळीएवढं काहीतरी लोंबत होतं. फॉर्मलिनमध्ये सगळं करडं पडतं. ते लालबुंद होतं, सुजलेलं.

"सावळीराम," मी कुजबुजले, "पिल्लू बदललंय का हो कुणी?"

"नाय मॅडम... फाटका कान त्योच हाय."

तेव्हा लक्षात आलं, माझी कळ थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सर्जन सविताताईंनी पुन्हा स्कॅन केला. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"अपेंडिक्स दिसत नाहीये. आधी कधी काढलंय का?"

"छे हो! म्हणजे ऑपरेशन नाही?"

"नाही..."

मी टेबलावरून उडीच मारणार होते. पण त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "असं आतडं मी माणसात कधी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंय का कुठे?"

पाहिलंय. अकरा वर्षं.

पण तब्येत ठणठणीत! येताना तर्रीवाली मिसळ खाल्ली, तीही दोनदा, आणि मस्त पचली. आपलं काम झालं, आता चकली तर चकली, म्हटलं.

परवा सावळीरामांचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"मॅडम... 'काय हवं ते दे' बोलला व्हता ना? एकच दे, असं नव्हतं बोलला."

"मग?"

"बरणी पुसत व्हतो. पिल्लाच्या डाव्या मागच्या पायाला आज पाच बोटं हायेत."

तेव्हापासून हे मोजे आहेत. अंघोळीलाही काढत नाही. डावा बूट सैल होतोय, एवढं मात्र खरं.