हर्षा मॅडम मुलगा बघतात

भिलाईतल्या पावर हाउसच्या चौकात माझी जाळी फाटली आणि बारा फुटबॉल रस्त्यावर सुटले.

सकाळी दहाचं पावर हाउस ज्यानं पाहिलेलं नाही त्याला काय सांगू! बसेस, ऑटो, कांद्याच्या पोत्यांचे टेम्पो… आणि त्यात माझे बारा बॉल, जिकडे उतार तिकडे. एक पकडावा तर दोन निसटत होते. एक ऑटोवाला ओरडला, "मॅडम, ग्राउंड उधर है!" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं गपचूप मान वळवली.

तेवढ्यात रस्त्याच्या मधोमध एक लाल झेंडी वर झाली. खरीखुरी, रेल्वेची. झेंडीखाली निळा शर्ट, पाठीवर काळी बॅग, आणि चेहरा इतका गंभीर, की मागून मालगाडीच येत असावी. ऑटो थांबले. बससुद्धा थांबली!

"उचला मॅडम, लवकर," हात न हलवता तो म्हणाला. "इथं झेंडी दाखवायचा मले अधिकार नाई."

मराठी! इथं आम्ही मराठी घरात बोलतो, उंबरा ओलांडला की हिंदी. भर चौकात मराठी ऐकून मी हातातला बॉल पुन्हा सोडला.

बारावा बॉल त्यानं पेरूच्या गाडीखालून काढून आणला.

"मी मराठी आहो हे कसं समजलं तुमाले?"

"जाळी फाटली तवा तुमी 'अगं माय वं' म्हणाल्या ना."

"म्हटलं असंन. मंग?"

"काई नाई जी… बरं वाटलं." मग बॉलकडे बघत, "इकता काय हे?"

"शिकवते. कॉलेजच्या पोट्ट्यायले. असिस्टंट कोच आहो मी."

"अरे! मी बी असिस्टंटच. असिस्टंट लोको पायलट. गौरव."

'असिस्टंट' हा शब्द इतक्या आनंदानं उच्चारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्या शब्दाचा राग होता. एकोणीस वर्षांची असताना मॅचमध्ये माझा गुडघा गेला. सगळे म्हणाले, झालं, आता घरी बस. मी बसले नाही. कोचिंगचं लायसन्स काढलं आणि कॉलेजात लागले. तीन वर्षं पहाटे साडेपाचला चुन्याच्या रेषा मी मारत होते, घोट्यांना पट्ट्या मी बांधत होते, "पोरीला खेळू द्या" म्हणून आयांच्या दारात मी उभी राहत होते. आणि फोटोत मधल्या खुर्चीवर नरेश सर. ते हेड कोच. मूळचे कबड्डीचे. ऑफसाइड म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं. माझी जागा फोटोच्या टोकाला, पाण्याच्या कॅनशेजारी.

पण मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते. जागा निघणार होती – फुटबॉल कोच. मागेपुढे दुसरा शब्द नाही. मला ती हवी होती. हवी म्हणजे हवीच होती, त्यात लाजायचं काय?

गौरवचा रेस्ट, म्हणजे ड्युटीनंतरची सुट्टी, असला की तो मैदानावर दिसायला लागला. भिलाई-तीन या उपनगरातून मोटरसायकलवर यायचा आणि नळाजवळच्या दगडावर बसायचा. माझी राइट बॅक मोना दुरूनच ओरडायची, "मॅडम, रेलवाले भैया आ गए!" मग सगळ्या जणी उगाच जोरात धावायला लागायच्या.

"तुमाले घरी झोप नाई काय?" मी विचारायची.

"आहे ना. पण इथं जाग चांगली येते."

असं काहीतरी बोलायचा आणि स्वतःच लाजायचा. घोट्याला पट्टी बांधायला तो माझ्याकडूनच शिकला. पट्टीचं टोक मला देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर टेकायची… आणि दोघंही पट्टीकडेच पाहत राहायचो.

त्याच्याच बोलण्यातून मला इंजिनातली एक रीत समजली. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं पुकारायचा – हिरवा, पिवळा, लाल, जो असेल तो. दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तोच पुन्हा म्हणायचा.

"अन् ड्रायव्हर मोठा साहेब असला, तं?"

"असू दे. दोघायनं पाहाचं, दोघायनं म्हणाचं. एकट्याचं पाहणं आमच्यात धरत नाई."

किती आवडलं मला ते! सुपेल्याच्या चौकात तो "लाल!" म्हणून ओरडायचा आणि मागच्या सीटवरून मी "लाल!" म्हणायची. बाजूचे स्कूटरवाले वळून बघायचे. बघू देत.

जानेवारीत एका सकाळी अवेळी भुरभुर आली. पोरी पळाल्या, आम्ही दोघं सामानाच्या शेडखाली अडकलो. पत्र्यावर थेंब वाजत होते. त्याच्या कानाशी केस ओले होऊन चिकटले होते. ते मागे सारावेत असं मला फार वाटत होतं.

"हर्षा…" पहिल्यांदाच त्यानं नुसतं नाव घेतलं.

"काय?"

"काई नाई… बॉल भिजून राहिले."

बोलेल, मला वाटलं. आज नाही तर उद्या बोलेल. तो बोलला नाही. त्यानं बायोडाटा पाठवला.

समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून तो बाबांच्या फोनमध्ये आला. सेक्टर सातच्या आमच्या क्वार्टरमध्ये आईनं फोटो माझ्यासमोर धरला – कोट घालून, स्टुडिओत, तोच गंभीर चेहरा. खोटं कशाला बोलू, काळजात लख्ख झालं. मग बाबांनी त्याच्या आईचा, सिंधुताईंचा, आवाज लावला.

"पोरगी आमाले पसंत हाये जी. गौरवनंच सांगितलं तिच्याबद्दल. फक्त लग्नानंतर ते मैदान-गिदान जमणार नाई. त्याची ड्युटी कवाबी लागते, घरी कोणी पाहिजे ना."

"मी हो म्हटलं," बाबा म्हणाले. "रविवारी येऊन राहिले ते. अन् नरेश सरले बी सांगून टाकलं, का आमची हर्षा आता अर्ज भरत नाई."

कोचच्या जागेच्या अर्जाला दोनच दिवस उरले होते.

"मले विचारलं कावून नाई, बाबा?"

"तुले आवडते ना तो? मोनाची माय सांगत होती. मंग?"

तीस वर्षं स्टील प्लांटच्या भट्टीसमोर उभा राहिलेला माझा बाप. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून मला मैदानावर त्यानंच नेलं होतं. आणि आता 'मंग?' म्हणून मोकळा! त्यांना खरंच वाटत होतं की मुलीचं भलं झालं. मला रडू येत होतं, पण रागानं ते अडवून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. हसत आला.

"समजलं?"

"समजलं. तुह्या आईची अट तुले माहीत होती?"

हसू उतरलं. "होती… म्हटलं, एकडाव लग्न होऊ दे. मंग समजावतो तिले."

"इंजिनात सिग्नल दोघं पुकारता ना रे तुमी? अन् माह्या जिंदगीचा सिग्नल तू एकट्यानंच हिरवा म्हणून टाकला? मी पाह्यला काय तो? मले दाखवला काय?"

मैदानावर सगळ्या पोरी थिजल्या. माझा आवाज तसा लहान नाही.

"हर्षा, मी भेलो होतो," तो हळूच म्हणाला. "तुले तोंडावर विचारलं अन् तू नाई म्हटलं, तं… म्हणून आईले पुढं केलं."

"भेणारा माणूस मले चालते, गौरव. न विचारणारा चालत नाई."

तो मोटरसायकलवर बसून गेला. मी शिट्टी वाजवून पोरींना दहा फेऱ्या लावल्या आणि त्यांच्याबरोबर स्वतःही धावले, दुखऱ्या गुडघ्यानं.

त्याच दुपारी अर्ज भरला. नरेश सर म्हणाले, "अरे, तुम्हारी तो शादी है ना?" मी म्हटलं, "सर, रसीद दीजिए."

घरी सांगितलं – रविवारी दोनला आमची सेमीफायनल आहे. मला ज्यांना पाहायचंय त्यांनी मैदानावर यावं. पोह्यांची बशी घेऊन मी बाहेर येणार नाही. बाबा खूप ओरडले. संध्याकाळी आईनं माझा ट्रॅकसूट धुवून दोरीवर घातला.

मला वाटलं होतं, त्यांच्याकडचं कोणी यायचं नाही. पण रविवारी, मॅच सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी, गौरवची मोटरसायकल थांबली. मागे सिंधुताई – मोरपंखी रेशमी साडी, मनगटात पर्स. त्यानं आईसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली, आधीच येऊन बसलेल्या बाबांच्या खुर्चीशेजारी ठेवली आणि स्वतः मागे उभा राहिला. माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

हाफ टाइमला आम्ही एक गोल मागे. मी मोनाला मागून काढून पुढे घातलं.

"रहने दो, हर्षा," नरेश सर म्हणाले. "रिस्क है."

"सर, आज की रिस्क मेरी."

मग माझा घसाच बोलला. "मोना, राइट से! पास दे, पास! अरे, देख क्या रही है!" साठाव्या मिनिटाला मोनानं गोल केला. पंच्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवरून दुसरा. कॉलेज पहिल्यांदाच फायनलला! पोरींनी मला उचललं, आपटलं, परत उचललं. अशी मातीनं माखलेली मी सिंधुताईंसमोर जाऊन उभी राहिले.

"नमस्कार, काकू. मी हर्षा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढ्या जोरानं रोज ओरडते काय तू?"

"हो काकू. रोज."

त्यांनी मैदानाकडे बोट केलं. "ते पाच नंबरची पोट्टी… तिले आंधीच पुढं कावून नाई पाठवलं?"

बाबांना ठसका लागला. माझं हसू मी कसंबसं दाबलं.

"चुकलंच माहं. बरं काकू, तुमी मले पाह्यलं. आता आमच्याकडून मुलगा पाहाचा हाये."

मोनानं लगेच एक खुर्ची उचलून मैदानाच्या मधल्या वर्तुळात नेऊन ठेवली. गौरव बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. भोवती माझ्या अठरा मुली, चिखलानं भरलेल्या, कमरेवर हात. मोना सगळ्यात थोरली असल्यासारखी खाकरली.

"खाना बनाना आता है?"

"खिचडी… और अंडा."

"मैडम का मैच है, और उसी दिन आपकी मम्मी को बुखार है। कौन रुकेगा?"

अठराजणींनी श्वास धरला, आणि मीसुद्धा. त्यानं आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला आणि मराठीतच बोलला.

"मी रेस्ट मागीन. नाई भेटला, तं हर्षाले विचारीन. सांगणार नाई… विचारीन."

"मले काई ताप-बिप येत नाई!" सिंधुताई तिकडून ठसक्यात म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, "अन् ते अट… मी बोललीच नाई समज, पोरी. आमी आपलं सगळे बोलते तसं बोलून टाकलं."

गौरव खुर्चीतून उठला. कान लाल झाले होते.

"हर्षा, आता तुलेच विचारतो. आईच्या आडून नाई, समाजाच्या ग्रुपवरून नाई. माह्यासंगं लग्न करशीन? नाई म्हटलं तरी चालन. मी फायनल पाहाले येईनच."

काय सांगू! मघाचे दोन गोल, सगळं मागे पडलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

"मले तू आवडतो रे. लई आवडतो. म्हणून तं एवढा राग आला. दुसरा कोणी असता, तं हसून सोडलं असतं मी." मग त्याचे ते कानाशी आलेले केस, सगळ्यांसमोर, मी चिखलाच्या हातानं मागे सारले. "करते. पण साडेपाचची प्रॅक्टिस सुटणार नाई. हळद लागली तरी."

पोरींनी असा गलका केला की रस्त्यावरचे लोक थांबले. बाबा उठून जवळ आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्ज भरला काय?"

"भरला."

"मले वाटलंच," ते म्हणाले, आणि सिंधुताईंसाठी चहा सांगायला निघून गेले.

फायनल आम्ही एका गोलानं हरलो. त्याचं दुःख वेगळं सांगेन कधीतरी. मुलाखत त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात होती. टेबलापलीकडे प्राचार्य आणि तीन साहेब. बाहेर आणखी पाच उमेदवार, पाचही पुरुष. मला पहिला प्रश्न वडिलांच्या नोकरीचा, दुसरा घरच्या पत्त्याचा. तिसऱ्याला एक साहेब खुर्चीत रेलले आणि अगदी मायेनं म्हणाले, "सुना है, आपकी शादी तय हो गई। बधाई। तो अब ग्राउंड का क्या?"

"सर," मी म्हटलं, "जिससे तय हुई है, उसकी भी शादी तय हुई है। उससे रेलवे ने अब तक नहीं पूछा कि अब इंजन का क्या।"

साहेबांनी समोरचा कागद उलटा केला, सुलटा केला. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि त्या दिवसातला पहिला फुटबॉलचा प्रश्न मला विचारला.

"जुलाई में टीम कैसे खड़ी करेंगी?"

मी खुर्ची पुढे ओढली.

"लिख लीजिए, सर."