आडवी रेघ

अकरा वर्षं प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंना सगळी शाळा लॅबताई म्हणायची. भौतिकशास्त्राचे सर मात्र त्यांना हाक मारत ती काही चुकलं तरच.

त्या दिवशी चुकलंच. अंतर मोजणारा बिनतारी सेन्सर पाठीवर पट्ट्याला अडकवून सर भिंतीपासून दूर चालत गेले. मागच्या भिंतीचं अंतर सारख्या वेगाने वाढलं, की पडद्यावर तिरकी, सरळ रेघ चढायला हवी. रेघ दीड मीटरवर आडवीच राहिली. म्हणजे रेघेच्या मते सर जागचे हललेच नाहीत. वर्ग पोट धरून हसला.

शाळा सुटल्यावर सरांनी लॅबताईंना थांबवून घेतलं. हे तुमचंच काम, उद्या लेखी तक्रार जाणार, नोकरी विसरा, असं आवाज न चढवता सुनावलं. लॅबताईंनी सेन्सर टेबलावर ठेवून भिंतीवर रोखला. चार मीटर. टेप लावली, तीही चारच सांगत होती.

सरांना ते पटलं नाही. सेन्सर पुन्हा पाठीवर अडकवून ते लांबलचक व्हरांड्यात निघाले. लॅबताई आत पडद्यासमोर बसल्या. बुटांचा आवाज एका लयीत दूर चालला होता. रेघ दीड मीटरवर, आडवी.

त्या विचार करू लागल्या. अंतर बदलत नाही. भिंत तर केव्हाच मागे पडली. मग सरांच्या मागे दीड मीटरवर जे काही आहे, ते त्यांच्याच वेगाने चाललंय.

त्यांनी दारातून डोकावून पाहिलं. सर पाठमोरे चालले होते. मागे नुसतं दुपारचं ऊन.

परत येऊन बसल्या तेव्हा रेघ खाली वाकत होती. आधी जराशी, मग जास्त. बुटांची लय तीच होती. उतार मात्र सेकंदागणिक तीव्र होत होता.

“काय दिसतंय?” सरांनी लांबून विचारलं. लॅबताईंनी सांगायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, “की तेवढंही वाचता येत नाही तुम्हाला?”

त्यांनी तोंड मिटलं.

“छान चढतेय रेघ, सर,” त्या म्हणाल्या. “चालत राहा.”

एक मीटर. पाऊण. वीस सेंटिमीटर.

शून्य.

बूट थांबले.

लॅबताई पदर मुठीत धरून बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने बुटांचा आवाज पुन्हा सुरू झाला. आता तो प्रयोगशाळेकडे येत होता, घाई न करता, एका लयीत.

रेघ अजून शून्यावरच होती.