भरलेल्या गाडीचं माप

"अगं, उभी राहा ना जरा… किती लाड करून घेशील?"

हिंदी मुलखात, अलीगंजच्या वाचनालयाबाहेर, जानेवारीतल्या त्या धुकट सकाळी, हे मराठी वाक्य कानांवर पडलं आणि विश्वजित पायरीवरच थांबला. कुणी आई आपल्या पोरीला समजावते आहे, असं त्याला आधी वाटलं. मग धुक्यातून एक काळी बुलेट दिसली आणि तिला दोन्ही हातांनी सावरून धरणारी एक मुलगी. डोक्याला मरून रंगाची लोकरी टोपी, नाकाचा शेंडा थंडीनं लाल, आणि उंची… गाडीच्या मानानं अगदीच बेताची.

कोपऱ्यावरचा नळ गळून तिथली माती मऊ झाली होती. मुलगी साइड स्टँड पायानं ओढून खाली करायची, गाडी त्यावर टेकवायची, आणि स्टँडचं टोक मातीत रुतत जायचं. गाडी झुकायची… आणखी झुकायची… की ती पुन्हा सगळा जोर लावून तिला सरळ करायची.

विश्वजितला अनोळखी मुलींशी बोलता येत नसे. ओळखीच्या मुलींशीही फारसं नाहीच. तो काही न बोलता पुढे गेला, खाली वाकला आणि हातातलं जाडजूड पुस्तक त्यानं स्टँडखाली सरकवलं.

गाडी टेकली. थांबली.

"अरे, ये तो किताब है," ती म्हणाली.

"वाचून झालंय माझं," तो म्हणाला.

मराठी ऐकून ती चमकली. मग तिच्या गालांवरही नाकाइतकाच रंग चढला. "म्हणजे मघाचं माझं बोलणं ऐकलंत तुम्ही."

"फक्त शेवटचं वाक्य."

"बरं झालं. त्याआधीची वाक्यं बाबांच्या पलटणीतली होती."

विश्वजित हसला. आपण एका मुलीसमोर मोकळेपणी हसलो, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो पुन्हा गंभीर झाला, चष्मा काढून पुसू लागला.

समोरच्या टपरीवर चहा घेताना तिनं सांगितलं – नाव विनया, नोकरी अलीगंजच्या बँकेत, घर विकास नगरात. वडील दिनकरराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बुलेट त्यांची. गुडघ्यानं दगा दिल्यापासून ती विनया चालवायची.

"माझ्याहून एक वर्षानं मोठी आहे. माझा जन्म रानीखेतचा. दवाखान्यातून मला घरी आणलं ते हिच्यावरूनच. मार्चमध्ये हिला घेऊन मी एकटी रानीखेतला जाणार आहे. म्हणजे… जाणार होते."

"मग अडलं कुठं?"

"इथंच." तिनं हनुवटीनं स्टँडकडे खूण केली. "बाबा म्हणतात, चालवतेस झकास, पण उभी करता येत नाही. दर वेळी 'भैया, ज़रा हाथ लगा दीजिए' करावं लागतं. घाटात कोण भैया येणार आहे? सगळं सामान लादून, कुणाचा हात न लागता, मी गाडी उभी करून दाखवायची. नाहीतर महिनाअखेरीला एक ठेकेदार येऊन ती विकत घेऊन जाणार."

विश्वजितनं चहाचा मातीचा कुल्हड खाली ठेवला आणि तो गाडीपाशी जाऊन उकिडवा बसला. बराच वेळ बसला. विनयाला वाटलं, हा मनुष्य मला विसरला.

"मेन स्टँडवर चढवायची तर ही कुणालाही जड जाईल," तो अखेर म्हणाला. "साइड स्टँड आखूड आहे, म्हणून गाडी फार कलते आणि पुन्हा सरळ करताना सगळा भार तुमच्यावर येतो. टोक निमुळतं आहे, म्हणून रुततं. आणि ते इतकं आत आहे की सीटवर बसून तुमचा पाय पोचतच नसेल." तो थांबला. "दोष तुमच्या ताकदीचा नाही. स्टँडचा आहे."

विनया त्याच्याकडे पाहत राहिली. आजवर लोकांनी तिला मदत केली होती, सल्ले दिले होते, 'बुलेट काय बायकांची गाडी आहे का' असंही ऐकवलं होतं. हे वाक्य मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

"तुम्ही मेकॅनिक आहात?"

"नाही. मी… मानक नगरला असतो. रेल्वेच्या डब्यांच्या स्प्रिंगा तपासतो."

"अच्छा. म्हणजे इंजिनिअरसाहेब. मग करा की काहीतरी."

रविवारी तो विकास नगरात हजर झाला. बगलेत ड्रॉइंगची गुंडाळी, खिशात टेप. दिनकरराव अंगणात, डेलियाच्या कुंड्यांशेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "बसा. मोजा. मी काही बोलणार नाही." आणि खरंच काही बोलले नाहीत. ते जास्तच अवघड होतं.

विनया गाडीवर बसली. तिचा डावा पाय कुठवर पोचतो ते मोजायचं होतं. विश्वजितनं टेप तिच्या बुटापर्यंत नेला, मागे घेतला, पुन्हा नेला…

"मी चावत नाही," ती हळूच म्हणाली.

"टोक तुम्हीच धरा," तो टेपकडे बघत म्हणाला. "माप अचूक येईल."

"हो का? की माझ्या बुटाची भीती वाटते?"

"बुटाची नाही."

विनयानं टेपचं टोक फार काळजीपूर्वक धरलं.

पुढच्या शनिवारी चौकातल्या वेल्डिंगवाल्या चचांनी ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं. समोरून, वरून, बाजूनं – एका स्टँडची तीन चित्रं. "अमाँ, स्टँड बनवाना है कि इमामबाड़ा?" एखाद्या भव्य वास्तूचा नकाशा हाती आल्यासारखे ते म्हणाले, पण केलं मात्र जसंच्या तसं. दांडी एक इंच वाढवली. टोकाला तळहाताएवढी पत्र्याची जाड टाच बसवली. आणि बाजूला बोटभर लांबीची सळई काढली, बसल्या जागी बुटानं ढकलता येईल अशी.

विनया गाडीवर बसली, बुटाचं टोक सळईला लावलं, आणि स्टँड मऊपणे खाली आला. गाडी जराशी कलली आणि उभी राहिली. ती उतरली. पुन्हा बसली. एका हिसक्यात गाडी सरळ. पुन्हा स्टँड. सहा वेळा. सहाव्यांदा ती उतरली तेव्हा तिची मान ताठ होती. चौकातल्या रिक्षावाल्यांकडे, पानवाल्याकडे तिनं एकदा सावकाश नजर फिरवली, आणि मग विश्वजितकडे. त्या नजरेनं विश्वजितला दोन रात्री झोप लागली नाही.

कसोटी पुढच्या रविवारी ठरली. अंगणात सामान निघालं – दोन खाकी पिशव्या, बिछाना, स्टोव्ह, हत्यारांची पेटी, पेट्रोलचा कॅन. आई सरलाताईंनी वर लाडूंचा डबा बांधला. "आधी चहा घ्या, मग काय ते करा," त्या म्हणाल्या; पण विनयाला धीर नव्हता. गल्लीला एक फेरी मारून ती आत आली, ऐटीत स्टँड खाली ढकलला, आणि उतरली.

गाडी कललीच नाही. ती सरळ, अगदी ताठ उभी राहिली – क्षणभर – आणि मग सावकाश, झाड पडावं तशी, उजवीकडे गेली. विनयानं हँडल धरून ठेवायचा प्रयत्न केला. डेलियाच्या तीन कुंड्या फुटल्या. लाडू अंगणभर झाले.

दिनकरराव काठी टेकत उठले, मुलीला कुठं लागलं का ते पाहिलं आणि म्हणाले, "असू दे. हे वजन तुझ्यानं पेलणार नाही, विनू. पुढच्या रविवारी ठेकेदाराला बोलावतो."

विनयानं विश्वजितकडे पाहिलं.

आणि विश्वजित… त्याला कळलं होतं. गाडी पडत होती तेव्हाच कळलं होतं. सामान लादलं की स्प्रिंगा दबतात, गाडी खाली बसते, मग तोच स्टँड लांब पडतो. माप त्यानं घेतलं होतं रिकाम्या गाडीचं. रेल्वेच्या डब्याची उंची रिकामा असताना वेगळी आणि भरलेला असताना वेगळी, हे सात वर्षं रोज सकाळी वहीत लिहिणारा माणूस तो. त्यानं गुंडाळी बगलेत मारली, "येतो" असं काहीतरी पुटपुटला आणि फाटकाबाहेर पडला.

पाच दिवस तो अलीगंजला फिरकला नाही. सहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मानक नगरच्या त्याच्या क्वार्टरसमोर ओळखीची धडधड थांबली. हातातल्या पुस्तकासकट तो बाहेर आला. विनया गाडीवरून उतरली नाही, इंजिनही बंद केलं नाही.

"माप रिकाम्या गाडीचं घेतलं होतं ना?"

त्यानं मान खाली घातली. "तुम्हाला कसं…"

"सामान चढवून पाहिलं मी. मागचं मडगार्ड दोन बोटं खाली येतं. बँकेत असले तरी डोळे आहेत मला." तिचा आवाज चढला नव्हता, पण कापत होता. "चुकीबद्दल मला काही नाही वाटलं. चूक कुणाचीही होते. पण बाबा म्हणाले, हे वजन तुझ्यानं पेलणार नाही. आणि तुम्ही तिथं उभे होतात. दोष माझ्या ताकदीचा नाही, हे ज्या माणसानं मला सांगितलं… तो गप्प राहिला."

"तुम्ही काकांना सांगितलं नाही?"

"मी सांगितलं तर ती सबब होते. तुम्ही सांगितलं असतं तर ते खरं ठरलं असतं." तिनं टोपी कानांवर ओढली. "उद्या अकरा वाजता ठेकेदार येतोय. चलती हूँ."

गाडी वळली. विश्वजित तिथंच उभा राहिला, बोटं पुस्तकाच्या पानात अडकवून. कुठलं पुस्तक, ते त्याला सांगता आलं नसतं.

रविवारी साडेदहाला तो विकास नगरात पोचला तेव्हा ठेकेदार आधीच आला होता. गाडीभोवती फिरत होता. दिनकरराव खुर्चीत. विनया दाराशी, हातांची घडी घालून.

"काका, मला बोलायचंय," विश्वजित म्हणाला. "गाडी माझ्यामुळे पडली. भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचा स्टँड लावला मी. असा स्टँड असताना तुम्ही, मी, कुणी पैलवानही ती उभी करू शकला नसता. विनयांचा काही दोष नव्हता. आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" दिनकररावांनी पलटणीच्या आवाजात विचारलं.

"त्यांच्यासमोर मूर्ख ठरायची भीती वाटली."

"त्यांच्यासमोर? आणि आमच्यासमोर नाही वाटली?"

"बाकीच्यांसमोर… सवय आहे मला."

सरलाताईंनी पदर तोंडाला लावला. विनया आपल्या बुटांकडे पाहू लागली, पण हातांची घडी सुटली होती.

दिनकररावांनी काठी उचलून गाडीकडे रोखली. "मग आता काय?"

"सामान लादून माप घ्यायचं. अर्धा इंच कापावा लागेल. रिकामी असताना थोडी जास्त कलेल, पण उभी राहील. चचा दुकान उघडून बसलेत, मी सांगून आलोय. एक तास द्या."

"सूबेदार साहब," ठेकेदार म्हणाला, "मुझे भी तो घर जाना है."

"एक घंटा बैठिए," दिनकरराव म्हणाले. "चाय पीजिए."

या वेळी सामान विनयानं स्वतः लादलं. टेपचं एक टोक विश्वजितनं धरलं, एक तिनं, आणि पुढेमागे कुणी केलं नाही. चौकात ठिणग्या उडाल्या. चचांनी तापलेली टाच पाण्यात बुडवली आणि म्हणाले, "अब गिरे तो हमारा नाम बदल देना."

तासाभरात गल्लीच्या टोकावर धडधड ऐकू आली. विनया फाटकातून आत आली. फरशीवर नाही, कुंड्या फुटल्या होत्या तिथल्या कच्च्या मातीत तिनं गाडी थांबवली. बुटाचं टोक सळईवर. स्टँड खाली. गाडी हातभर उंच सामानासकट डावीकडे कलली… थांबली. विनया उतरली आणि गाडीकडे मागं वळूनही न पाहता तिच्यापासून चार पावलं दूर चालत आली. मग परत गेली, गाडी सरळ केली, उतारावर नेऊन उभी केली. मग फाटकाबाहेर, खडीवर.

तीन वेळा. कुणाचा हात नाही.

दिनकरराव कधी उठून उभे राहिले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. काठी खुर्चीलाच टेकलेली होती. "माफ़ कीजिए भाई साहब," ते ठेकेदाराला म्हणाले, आणि त्यांची छाती पूर्वी संचलनात असायची तशी भरून आली होती, "गाड़ी हमारी बेटी की है. मार्च में रानीखेत जा रही है."

ठेकेदार गेला. आईवडील आत गेले. जरा घाईनंच गेले. विनया फाटकाशी, गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभी होती. केस विस्कटलेले, गालावर काजळीची रेघ. इतकं ऐटबाज माणूस आपण आयुष्यात पाहिलं नाही, असं विश्वजितला वाटलं, आणि या वेळी त्यानं ते मनात ठेवलं नाही.

"तुमचा फार अभिमान वाटला मला," तो म्हणाला. "तसा पहिल्या दिवसापासून… अभिमानच नाही फक्त."

"अजून काय?"

"ते नीट सांगता येत नाही मला. पण गप्प बसणार नाही एवढं नक्की."

ती हसली. गाडीवरची खाकी पिशवी उगाच थोपटत राहिली.

"रानीखेतला मी एकटीच जाणार आहे हं."

"एकटीनंच जायला हवं."

"आठ दिवसांत परत येईन." तिनं नजर वर केली. "आणि त्यानंतर, समजा… दोघांचं सामान असलं तर? चालेल हा स्टँड?"

विश्वजितनं प्रामाणिकपणे विचार केला. चष्मा वर सरकवला. "नाही. गाडी आणखी खाली बसेल. पुन्हा माप घ्यावं लागेल."

"मग घ्या की," विनया म्हणाली, आणि पिशवीतला टेप काढून त्याचं टोक विश्वजितपुढे धरलं.