नव्वद मीटर वायर

चर्चच्या माळ्यावरून जागृतीने खाली सोडलेली वायर भलत्याच माणसाच्या डोक्यावर पडली.

"मॅडम, हार घालायचा तर समोर येऊन घाला की!"

तो सुनिल, तलासरीत घरोघरी केबल टीव्हीच्या लाइनी टाकणारा. त्याची बहीण पुष्पा उद्या इथे सिस्टर होण्याचं कायमचं व्रत घेणार होती. आणि त्यांची आई शुक्रीबाई खुब्याचं हाड मोडून आवारातल्याच दवाखान्यात पडून होती. तिला तो विधी टीव्हीवर दिसावा म्हणून डहाणूच्या व्हिडिओ-कॅमेऱ्याच्या दुकानाने जागृतीला पाठवलं होतं. कॅमेऱ्यापासून खाटेपर्यंत नव्वद मीटर. तिने दोनदा मोजलं होतं.

"दुकानवाले म्हणाले, फिजिक्स शिकलेल्या ना तुम्ही? वायर ती वायर, त्यात काय एवढं मोजायचं?"

"तुमच्या लाइनीत सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या येतात, पण माणूस ओळखू येतो. हा डिजिटल सिग्नल, यात तसं नाही. शंभरेक मीटरच्या हद्दीपर्यंत चोख चित्र... पुढे एकदम काळं."

"म्हणजे आधी काही कळतच नाही?"

"नाही."

"डेंजर आहे," तो म्हणाला. तिच्याकडेच बघत. तिने घाईने वायर गुंडाळायला घेतली आणि वेटोळं उलटं पडलं. तिचं कधी उलटं पडत नसे.

संध्याकाळी चित्र छान आलं. सकाळी साडेनऊला मात्र टीव्ही काळा... आणि दहाला विधी!

शुक्रीबाई उशीला टेकून त्या काळ्या काचेकडे टक लावून बसल्या होत्या. जागृती वायर चाचपत उलट धावली. दवाखान्याच्या ओट्यावर, नर्सच्या खोलीपाशी, वायर कापून मध्ये सिग्नल दोन वाटांना वाटणारा एक स्प्लिटर बसवलेला.

"हे कोणी केलं?"

तिच्यामागे धावत आलेल्या सुनिलचा चेहरा उतरला. "मी... सकाळी. नर्सबाईंनाही दिसावं म्हणून. आमच्या लाइनीला दहा-दहा लावतो आम्ही—"

"तुमच्या लाइनीला!" ती ओरडली. मग त्याचा चेहरा पाहून ती स्प्लिटरकडे वळली.

स्प्लिटर काढून तिने दोन्ही टोकं त्याच्याजवळच्या जॉइंटने जोडली. जॉइंट सैल होता. अंगठ्याने दाबला तर चित्र, सोडला तर काळं. पक्कं करायची पक्कड कॅमेऱ्यापाशी राहिली होती, आणि चर्च दारापर्यंत भरलेलं. घंटा वाजली.

"द्या, मी धरतो."

"तुम्ही आईपाशी बसा."

"अहो, पण—"

"जा ना!"

तो गेला. ती ओट्यावर अंगठा दाबून उभी राहिली. तिला काहीच दिसत नव्हतं. खिडकीतून फक्त आवाज येत होते... गाणं, मग फादरांनी घेतलेलं पुष्पाचं नाव, मग पुष्पाचं स्पष्ट, न अडखळता आलेलं उत्तर. आणि शुक्रीबाईंचा हुंदका. अंगठा बधिर झाला होता. ती हलली नाही.

बऱ्याच वेळाने सुनिल बाहेर आला. डोळे लाल.

"झालं व्रत. आईने पडद्याला हात जोडले, पुढची प्रार्थना अजून बघतेय." त्याने डोळे पुसले. "विचारत होती... बाहेर वायर धरून उभी आहे ती कोण?"

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं... तिलाच विचारून सांगतो."

जागृतीचा अंगठा निसटला.

"गेलं रे, गेलं!" आतून शुक्रीबाई ओरडल्या.

दोघांनी एकदमच जॉइंट पकडला. त्याचा हात तिच्या हातावर. दोघांनीही काढला नाही.

"सांगा त्यांना," ती हळूच म्हणाली, "उद्या येईल, तेव्हा स्वतःच सांगेल म्हणावं."

"उद्या? वायर काढायला?"

"वायर आजच काढणार आहे मी."