पहिली बादली

पाणी नितळ दिसलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते, असं मंजुश्रीचं ठाम मत होतं. अहमदपूरच्या मोंढ्याजवळ तिची पाणी तपासायची लॅब होती, आणि दहा वर्षं ती येईल त्याला तेच सांगत आली होती. फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, नायट्रेटला वास नसतो, जंतू जिभेला कळत नाहीत. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. तरी लोक घर घेताना भिंती ठोकून बघायचे, खोल्या मोजायचे आणि विहिरीत मात्र नुसतं डोकावून खूश व्हायचे.

सोमेश त्यातला नव्हता. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. नांदेड रस्त्याला गुरम्मा नावाच्या बाईचं चार खोल्यांचं घर त्याला घ्यायचं होतं. अंगणात दगडी बांधकामाची विहीर होती. त्याच्या बायकोला, अंजूला, सातवा महिना लागला होता. नायट्रेट जास्त असलं तर ते पाणी तान्ह्या बाळाला बाधतं, हे त्यानं वाचलं होतं. म्हणून सौदा पक्का करण्याआधीच त्यानं मंजुश्रीला बोलावलं. असं गिऱ्हाईक तिला वर्षातून एखादंच मिळे.

विकणाऱ्याच्या हातचा नमुना घ्यायचा नाही, आणि पाइपात साचलेलं पाणी आधी दहा मिनिटं सोडून द्यायचं, हे तिचे दोन नियम. सोमेशबरोबर अंजूही आली होती. मंजुश्रीनं मोटर लावली. पाणी भसाभसा नालीकडं निघालं. तेवढ्यात अंजूनं वाकून धारेखाली ओंजळ धरली.

"अहो, थांबा! रिपोर्ट आल्याशिवाय प्यायचं नाही."

"लई तहान लागली होती, ताई." अंजू हसली. "गोड हाय की."

आवाज ऐकून गुरम्मा बाहेर आली. साठीची, उदगीरकडची बाई. लेकाकडं राहायला जायचं म्हणून ती घर विकत होती. नालीतलं पाणी बघून ती थबकली.

"पहिल्या बादलीचं पानी माघारी विहिरीत टाकलं न्हाई?"

"नाही अव्वा, ते सोडूनच द्यायचं असतं."

गुरम्मानं अंजूच्या ओल्या हातांकडं पाहिलं. मग ती आत गेली, आणि त्यांनी निघताना हाक मारली तरी बाहेर आली नाही.

मंजुश्रीनं दोन बाटल्या गळ्यापर्यंत भरून घेतल्या होत्या. एक तपासायला, दुसरी सीलबंद, पुढं कुणी वाद घातला तर राखून ठेवलेली. तपासणीत खोट निघाली नाही. फ्लोराइड मर्यादेत, नायट्रेट नावाला, जंतू नाहीत. इतकी चांगली विहीर तिनं या तालुक्यात पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी फ्रिज उघडला तर राखीव बाटलीतलं पाणी दोन बोटं खाली होतं. सील शाबूत. बाटली बाहेरून कोरडी. खालचा ट्रेही कोरडा. तिनं मार्करनं रेघ ओढली आणि कामाला लागली.

दुसऱ्या सकाळी पाणी रेघेच्या बरंच खाली होतं.

तिनं बाटली तोलून पाहिली. भरल्या बाटलीपेक्षा वजन पाव किलो कमी भरलं. काट्याचा दोष असेल म्हणून तिनं काटाही तपासला. काटा बरोबर होता.

दुपारी सोमेशचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"मॅडम, अंजूच्या पोटातलं पाणी कमी झालंय. आठ ते अठरा सेंटिमीटर पाहिजे, चारच आहे. डॉक्टर म्हणले, असंच उतरत गेलं तर लेकरू हाती लागणं अवघड. तुमच्या रिपोर्टमध्ये काही निघालं का?"

"काहीच नाही, सर. पाणी उत्तम आहे."

खरंच बोलली ती. पोटातलं पाणी कितीतरी बायकांचं कमी होतं, त्याला शंभर कारणं असतात, हेही तिला ठाऊक होतं. पण फोन ठेवल्यावर तिला भीती वाटली, साधी, लहानपणी वाटायची तशी. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी फ्रिज उघडला तेव्हा बाटली निम्मी झाली होती. ती उचलून तिनं स्कूटी थेट नांदेड रस्त्याला घातली.

गुरम्मा ओसरीत बसली होती. बाटली बघून उठली.

"अव्वा, पहिलं पाणी माघारी का टाकायचं?"

"सासूनं सांगितलं, मी केलं. का म्हनून इचारलं न्हाई."

"आणि विसरलं तर?"

"कुनी विसरलंच न्हाई आजवर."

एमएस्सी झालेली बाई विहिरीपाशी बाटली घेऊन उभी राहिली. स्वतःची लाज वाटत होती. तरी तिनं सील तोडलं आणि बाटली तिरकी केली.

धार खाली गेली. पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

घोट घेतल्याचा आला.

फोन वाजला. सोमेश, लातूरच्या दवाखान्यातून.

"मॅडम, सोनोग्राफी चालू आहे. पाणी वाढलं! बारा झालं म्हणले!"

तो रडत होता. तिचेही डोळे भरून आले. "बरं झालं, सर. लई बरं झालं."

"थांबा... डॉक्टर परत मोजून राहिलेत." पलीकडं खुर्ची सरकली. कुणीतरी नर्सला हाक मारली. "बावीस म्हणले. मॅडम, ते वाढूनच राहिलंय."

बाटली केव्हाच रिकामी झाली होती. खाली घोट चालूच होते.