नवी जाळी

"माझ्या भावाने त्या मास्तरांना उडवलेलं नाही," ती दारातूनच म्हणाली. "पण त्याने मिठाची गुळणी धरलीय. आता तुम्हीच काहीतरी करा."

मावशींनी तिला आधी बसवलं. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि आता त्या खासगी तपास घेत. चाळिशी ओलांडलेला भाचा त्यांची स्कूटर चालवी आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घेई. हे त्याला स्वतःला अजिबात मान्य नव्हतं.

कालव्याच्या रस्त्यावर, सकाळच्या धुक्यात, सायकलवरून निघालेल्या एका निवृत्त मास्तरांना पिकअपने धडक दिली होती. गाडी थांबली नाही, मास्तर वाचले नाहीत. दूधवाल्याला लांबून दिसली ती फक्त एक उंच, पांढरी पिकअप. त्या भागात तशा तीनच होत्या: तिच्या भावाची, तिच्या नवऱ्याची आणि एका ठेकेदाराची. भावाच्या गाडीच्या पुढच्या लोखंडी गार्डवर पोलिसांना सायकलचा हिरवा रंग सापडला होता.

"तिघांनाही गाड्या सजवायचं वेड," ती म्हणाली. "टायर, दिवे, गार्ड, सगळं एकमेकांत फिरतं. आज याचं त्याला, उद्या त्याचं याला. वर प्रत्येक बदलाचा फोटो ग्रुपवर. आमचे हे तर मडफ्लॅप बदलला तरी फोटो टाकतात."

भाऊ कोठडीत भिंतीला टेकून बसला होता.

"सायकल कुठल्या बाजूने आली?" मावशींनी विचारलं.

तो गडबडला. "धुकं होतं. गार्ड माझ्या गाडीवर सापडला ना? मग मीच."

"बहीण रडतेय तुझी."

"ताईला सांगा, वकिलाच्या भानगडीत पडू नकोस. पोर लहान आहे तिची. घर सांभाळ म्हणावं."

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "यानेच केलंय. कबूलच करतोय की."

चौकीच्या आवारात भावाची गाडी उभी होती. गार्ड मधोमध आत दबला होता. त्याच्यामागची प्लॅस्टिकची जाळी बोटभर अंतरावर होती, पण तिला तडासुद्धा नव्हता. तिच्यावर जुन्या धुळीचा जाड थर होता आणि त्यात वाळलेले किडे चिकटले होते. मावशींनी त्यावरून अलगद बोट फिरवलं.

ठेकेदाराच्या नाकाला आधीच मिरच्या झोंबल्या होत्या. "माझ्यावर ढकलू नका! ही विंच बघा, रुतलेल्या गाड्या ओढायची. गेल्या वर्षी बसवली, तेव्हापासून माझ्या गाडीला गार्ड बसतच नाही."

"फार ओरडतो," भाचा कुजबुजला. "हाच असणार."

तिचा नवरा मात्र मऊ बोलला. "मेहुण्यासाठी जीव तुटतो हो माझा. पोरासारखा आहे तो मला."

"ही पुढची काळी जाळी छान आहे," मावशी म्हणाल्या. "नवी दिसते."

"झाले थोडे दिवस. हौस, दुसरं काय."

"फोटो टाकलात की नाही?"

"राहिलाच टाकायचा."

भाच्याला तो माणूस आवडला. घरच्या माणसासाठी एवढं कोण हळहळतं?

दुसऱ्या दिवशी मावशींनी सगळ्यांना तिच्याच अंगणात बोलावलं. फौजदारही आले.

"धडकेत लोखंड जेवढं आत जातं, त्यातलं थोडं परत बाहेर येतं," मावशी म्हणाल्या. "आता हा गार्ड जाळीपासून बोटभर लांब आहे. म्हणजे धडकेच्या क्षणी तो जाळीत घुसला होता. पण भावाच्या गाडीची जाळी धड आहे, तिच्यावरची धूळसुद्धा हललेली नाही. धडक बसली तेव्हा गार्ड दुसऱ्याच गाडीवर होता. ठेकेदारांच्या गाडीला तो बसतच नाही. उरली एक गाडी. तिची जाळी नवी आहे, आणि मडफ्लॅपचा फोटो टाकणाऱ्या माणसाने तिचा फोटो टाकलेला नाही."

मावशी नवऱ्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत होत्या.

"तुझ्या भावाने काहीतरी सबब ऐकून गार्ड घेतला असणार. रंग सापडल्यावर त्याला सगळं उमगलं. तुझा संसार मोडू नये म्हणून त्याने तोंडाला कुलूप घातलं."

नवरा खाली बसला. "झाडाला घासला असं सांगितलं मी त्याला. तुझ्या गाडीला लाव आणि गॅरेजमधून सरळ करून आण म्हटलं. त्याला काही माहीत नव्हतं."

तिला रडू आलं नाही. तिने फक्त विचारलं, "मास्तर जिवंत होते?"

"हात हलत होता." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी घाबरलो गं."

भाच्याला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"आणि गार्ड त्यालाच का दिलात? ठेकेदाराला सांगायचं सरळ करून आणायला. भंगारात टाकायचा. माझाच भाऊ का?"

"तो मला कधी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. मग त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. "तू तरी सांभाळून घे. आपल्या पोरीचा विचार कर."

"नाही," ती म्हणाली, आणि फौजदारांना वाट करून द्यायला बाजूला झाली.