उंबराखालची पाहुणी

कमलाकांतच्या उन्नतीचं लग्न ठरलं आणि बेटेगावातल्या त्या घराचं एकेक काम आपसूक सुगंधाच्या पदरात येऊन पडू लागलं. सुगंधा कमलाकांतची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची. आवाज खणखणीत, गुडघे शाबूत आणि कुणाला 'नाय' म्हणायची सवय नाही. मग काय, मांडववाल्यापासून हलवायापर्यंत सगळे येऊन विचारणार ते 'आत्या कुठाय?' असंच.

हळदीच्या दिवशी सकाळी वाजतगाजत जाऊन उंबराची फांदी आणायची आणि मांडवात रोवायची, ही त्यांच्याकडची रीत. उंबर त्यांच्याच आंब्या-केळीच्या वाडीत होता, गावाबाहेर. आदल्या दिवशी दुपार कलल्यावर सुगंधा तिकडे निघाली. फांदी बघून ठेवायची आणि केळीची पानं कापायची, एवढंच काम. तिला स्कूटरवर घेऊन आला होता उन्नतीचा मामा धर्मेश.

माघाचे दिवस. वाडीत शिरलं की आंब्याच्या मोहराचा वास नाकात बसायचा. लांबून बोईसरच्या कारखान्यांची घरघर ऐकू यायची, पण झाडांत आलं की तीही विझायची. आज मात्र घरघर विझली नाही. उलट वाढली.

"ताई," धर्मेश जागच्या जागी थांबला. "वर बघ."

उंबराच्या आडव्या फांदीखाली आग्यामोहोळ लटकलं होतं. चांगलं पाळण्याएवढं. काळसर, चकाकतं आणि सगळं जिवंत. दोघं बघत असतानाच त्याच्या अंगावरून एक लाट सरकली, वरून खाली, एखाद्याच्या पाठीवर काटा यावा तशी.

"आयला! हे कवा बसलं?"

"मोहर आला तवाच आलं असंल. हलू बोल."

"पेटवून टाकतो," धर्मेश म्हणाला. "दोन माणसं आणतो, मशाल लावतो, काम खलास. मध भेटंल तो वरनं."

"आणि वाचलेल्या माश्या काय काशीला जातील? उद्या पाहुण्यांची तोंडं वड्यासारखी फुगवायची हायत काय तुला? आणि यंदाचा आंबा कोण धरवणार? तू फिरणार या मोहरावरनं त्या मोहरावर?"

धर्मेशने आपल्या पोटाकडे पाहिलं. ते त्याला जमण्यासारखं नव्हतं.

"हे बघ," सुगंधाचा आवाज खाली आला. "त्या आपल्या आदी आल्यात. आपण उद्या येणार, फांदी घेणार, जाणार. त्यांना तरास नाय दिला तर त्यापण देणार नाय. बँड फाटकाबाहेर थांबंल. फटाके नाय, धूप नाय, अत्तर नाय, आणि काळे कपडे कुणी घालायचे नाय."

"ताई, ही हळद हाय का मयत?"

"हळद हाय. जरा हलू आवाजातली."

धर्मेश कुरकुरत पानांसाठी टेम्पो आणायला गेला. स्कूटरचा आवाज गावाकडे विरत गेला आणि सुगंधा कोयता घेऊन केळीत शिरली.

पानं कापता कापता ऊन उतरलं. केळीच्या बुंध्यांमध्ये अंधार साचायला लागला तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि तिच्या ध्यानात आलं की मघापासूनचा तो गुणगुणाट थांबलाय. वाऱ्याने पानही हलत नव्हतं. रोज या वेळी कलकलाट करणाऱ्या साळुंक्यासुद्धा गप्प होत्या.

मग तो आवाज पुन्हा सुरू झाला... पण उंबरावरून नाही. पंपघराच्या मागून. आणि आता तो गुणगुणाट राहिला नव्हता. एखादी म्हातारी बाई काम करता करता ओठ मिटून गाणं घोळवते ना, तसा चढउतार होता त्याला.

सुगंधाला वाटलं, गावातलंच कुणी आलं असेल. ती पंपघराला वळसा घालून गेली.

मागच्या भिंतीजवळ एक प्लास्टिकची लाल खुर्ची नेहमी पडलेली असायची. त्या खुर्चीत बाई बसली होती. पाठ टेकून, गुडघे जुळवून, हात मांडीत घेऊन. डोक्यावरून पदर ओढलेला. काळसर लुगडं मावळतीच्या उजेडात चमकत होतं...

आणि हलत होतं. सगळं लुगडं हलत होतं.

तिथे बाई नव्हतीच. माश्या होत्या. एकीला एक बिलगून त्यांनी खांदे केले होते, कोपर केले होते, मांडीतली बोटंसुद्धा केली होती. आत कुणी असावं आणि त्याच्या अंगावर त्या येऊन बसाव्यात, इतकं नीट. मेणाचा आणि मधाचा ऊबदार वास येत होता, आणि त्याच्या खाली आणखी एक वास, पेटीत वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेल्या कापडाचा.

सुगंधाने कोयता छातीशी धरला.

"कोण...?" ती कशीबशी म्हणाली. "कोण आलंय...?"

गाणं थांबलं. पदराखालचं डोकं सावकाश तिच्याकडे वळलं. तोंड असायचं तिथे माश्या सगळ्यांत दाट होत्या.

भीतीने माणसाची जीभ टाळूला चिकटते म्हणतात. सुगंधाची मात्र महिनाभर एकाच वाक्यावर फिरत होती. गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर ती तेच बोलून आली होती, आणि आता दुसरं काही सुचेना तेव्हा तेच बाहेर पडलं.

"उद्या हळद हाय आमच्या उन्नतीची... यायचं हां. नक्की यायचं."

मांडीतले हात उचलले गेले आणि एकमेकांना जुळले.

फाटकावर टेम्पोचा हॉर्न वाजला. सुगंधा दचकून वळली. परत पाहिलं तर खुर्ची रिकामी, आणि उंबरावर मोहोळ जसंच्या तसं, मघासारखं गुणगुणत होतं.

तिने हे सांगितलं फक्त उन्नतीला. उन्नती बोईसरच्या एका कारखान्यात रसायनं तपासायची, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असायचं.

"आत्या, थवा कुठेपण विसावतो गं. फांदीवर, खांबावर. तसा खुर्चीवर बसला असंल."

"गुडघे जुळवून?"

उन्नतीला हसू फुटलं. "आणि तू तिला आवतण दिलंस?"

"मंग काय करू? तोंडात तेच आलं!"

दोघी तोंडात पदर-ओढणी कोंबून हसल्या. हसता हसता उन्नतीने खिडकी मात्र लावून घेतली.

सकाळी आंघोळीचं पाणी तापत होतं तेव्हा धर्मेश मागच्या दारी येऊन बसला. केस विस्कटलेले, विजारीला चिखल, आणि अंगाला रॉकेलचा वास. सुगंधाने ओळखलं.

"गेला होतास ना?"

त्याने मान खाली घातली. "एकटाच गेलो, पहाट फुटताना. म्हटलं, तुमी उठायच्या आत उरकून टाकू. मशाल पेटवली, ताई. कुणीतरी विझवली."

"वाऱ्यानं गेली असंल."

"वारा नव्हता. पुन्हा पेटवली. कानाजवळनं फुंकर आली. आजी दिव्याला मारते ना तशी... हलूच. मी वळलो तर कुणी नाय. तिसऱ्यांदा काडी ओढली तर काडीच विझली, आणि माज्या गालाला हात लागला." त्याने गाल पुढे केला. "मारलं नाय. थोपटलं."

गालावर सूज नव्हती, ओरखडा नव्हता. चिकट, पिवळसर असं काहीतरी बोटांसारखं पसरलं होतं. सुगंधाने पदराने पुसलं. मध होता.

"माश्यांनी तरास दिला?"

"एक माशी चावली नाय," धर्मेश म्हणाला, आणि त्याला त्याचंच जास्त भय वाटत होतं हे त्याच्या डोळ्यांत दिसलं.

त्यानंतर मात्र मजा झाली. उंबर आणायला निघालेल्या वरातीत धर्मेशमामाएवढा कडक माणूस दुसरा नव्हता. फाटकाशी त्याने बँडवाल्यांच्या हातातून ताशाच्या काड्या काढून घेतल्या. कुणाच्या अंगाला अत्तर आहे का म्हणून तो आलेल्या पाहुण्यांची मनगटं हुंगत फिरला. कमलाकांत खोकला तर त्यालाही त्याने डोळे वटारले. बायका पदराआड इतक्या हसत होत्या की आवाज न करता हसणं म्हणजे काय शिक्षा असते ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

सुगंधाने पुढे जाऊन उंबरापासून जरा लांब पसरट परातीत पाणी ठेवलं आणि त्यात खडे टाकले, म्हणजे पाणी प्यायला उतरलेली माशी बुडायला नको. मग पंपघरामागची लाल खुर्ची आणून झाडाजवळ मांडली. तिच्या पायाशी हळदकुंकू वाहिलं. कुणी विचारलं तर म्हणाली, "मला बसायला." पण ती बसली नाही.

धर्मेशने मोहोळाच्या उलट अंगाची एक लहान फांदी करवतीने सावकाश कापली. बायकांनी हळदीचं गाणं धरलं, ओठातल्या ओठात. दुसऱ्या ओळीला वरून साथ आली. मोहोळ त्याच चालीवर गुणगुणत होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, पण गाणं कुणी सोडलं नाही. सोडायची छातीच झाली नाही. तिसऱ्या कडव्यात त्या अडल्या, कारण पुढचे शब्द आता कुणालाच येत नव्हते. मोहोळ मात्र पुढे गात राहिलं, शेवटपर्यंत.

एक माशी उतरून उन्नतीच्या मनगटावर बसली. उन्नतीने हात हलवला नाही. माशी हिरव्या बांगड्यांवरून चालत गेली, प्रत्येक बांगडी तपासल्यासारखी, आणि उडाली.

"आवडल्या," सुगंधा पुटपुटली.

त्या दिवशी वाडीत गेलेल्या एवढ्या माणसांत कुणालाही डंख झाला नाही. मांडवात उंबर रोवला गेला, रात्री बँडवाल्यांनी सकाळच्या उपासाचं पारणं फेडलं, आणि दुसऱ्या दिवशी उन्नतीचं मुरबे गावच्या ललितशी लग्न लागलं. तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून सुगंधाच गेली. समुद्रावरचं ते घर, ताजी मासळी आणि हसरी विहीणबाई यांचा पाहुणचार घेऊन ती तृप्त होऊन बेटेगावला परतली.

वाडीत गेली तर उंबराची फांदी शांत होती. मोहोळ कुणी तोडलं नव्हतं. पांढऱ्या मेणाचं पोळं तेवढं तिथे होतं आणि माश्या उठून गेल्या होत्या. मोहर अजून भरात असताना. सुगंधाला उगाच चुटपुट लागली. झाडं मात्र पुढे अशी लगडली, की गावात सगळ्यांना वाटूनही आंबा उरला. धर्मेश तर आता भेटेल त्याला सांगत फिरायचा, मोहोळ दिसलं तर जाळू नका, लांबून जा, बरं असतं.

वैशाखात एकदा संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. उन्नती मजेत आहे, सुकट पाठवते, जावई जाड झाले, सगळं बोलून झालं. मग त्या जरा घुटमळल्या.

"एक विचारू काय, ताई? राग नका मानू. आमाला काय जड नाय. पण तुमच्या त्या दुसऱ्या पाठराखीण... त्या कवा जाणार हायत?"

सुगंधाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "दुसऱ्या?"

"त्याच ओ, काळ्या लुगड्यातल्या. तुमी गेल्याव त्या राहिल्या. पडवीत बसतात. जेवत नाय, बोलत नाय, साखरेचं पाणी तेवढं घेतात. तिन्हीसांजेला गाणं गुणगुणतात, लई बरं वाटतं. आमची शेवग्याची झाडं कवा नाय एवढी धरली." विहीणबाईंचा आवाज एकदम उतरला, जणू त्या फोन घेऊन पडवीपासून लांब गेल्या असाव्यात. "पण ताई... वारा सुटला तरी त्यांचा पदर हलत नाय. आणि वारा नसला की हलतो. तुमी... तुमी त्यांचं तोंड कवा पाहिलंय?"

"नाय," सुगंधा हळू म्हणाली. "आणि तुमीपण बघू नका."